पिठोरीच्या रात्री मैत्रिणीस

नारायण पेठ, पुणे
पिठोरी अमावस्या

प्रिय सखी,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र येऊन आठ दिवस झाले. तुला सातवा लागला आणि डोहाळजेवणाचा बेतही ठरला, हे वाचून फार आनंद झाला. दुसऱ्या खेपेला नेमकी कशाची तयारी करायची, असे तू विचारले आहेस. मला आज अडतीस आठवडे पूर्ण झाले. एवढ्या दिवसांत मला कळले ते असे, की बाळाची तयारी पटकन होते; वेळ लागतो तो घरातल्या माणसांना, आणि सर्वांत जास्त थोरलीला. झबली, टोपडी, लंगोट ही खरेदी तुळशीबागेत एका दुपारीच उरकली, म्हणून तिच्याविषयी अधिक लिहीत नाही.

आमच्या थोरलीला चौथे सरून पाचवे लागले आहे. मागच्या महिन्यात माळ्यावरची पेटी काढली, तेव्हा तीत सासूबाईंनी जुन्या नऊवारीची शिवलेली तिची गोधडी निघाली. “आता ही बाळाला देऊ या हं, तू मोठी झालीस,” असे मी सहज बोलून गेले. ती काहीच बोलली नाही. दोन दिवसांनी चादर बदलताना तिच्या उशीखाली ती गोधडी चौघडी करून ठेवलेली दिसली आणि घडीच्या आत तिचाच एक तान्हेपणीचा मोजा होता. मला रडू आवरेना. बाळ यायच्या आधीच आपण तिच्याजवळचे काढून घेऊ लागलो, हे तोवर माझ्या ध्यानातच आले नव्हते. त्याच संध्याकाळी तिला जवळ घेऊन सांगितले, की ही गोधडी तुझीच आहे आणि तुझ्याकडेच राहील. सासूबाईंनी दुसरी नऊवारी काढली. थोरलीने दोऱ्याचा रंग निवडला आणि काठाशी तीन वाकडे टाके स्वतः घातले. सासूबाईंनी ते उसवले नाहीत.

तेव्हापासून बदल करायचा तो आधी करायचा आणि तिला सांगून करायचा, असे आम्ही ठरवले. तिचा बिछाना आजीच्या खोलीत आताच हलवला, म्हणजे बाळाने आपली जागा घेतली असे तिला वाटणार नाही. बाळ आल्याबरोबर खेळणार नाही, ते नुसते झोपेल आणि रडेल, आई काही दिवस तुला उचलून घेऊ शकणार नाही, पण मांडीवर मात्र घेईल, हेही तिला रोज थोडे थोडे सांगते. तूही तुझ्या लेकाला “आता दादा झालास, शहाण्यासारखे वाग” असे म्हणू नकोस. तोही अजून लहानच आहे.

मोठ्या माणसांशीही आधीच बोलून घे, कारण बाळंतपणानंतर वाद घालायला अंगात त्राण नसते. आमच्याकडे जन्मल्यावर सोन्याच्या अंगठीने मध चाटवण्याची रीत आहे. वर्षाच्या आतल्या बाळाला मध मुळीच देऊ नये, कारण त्यातल्या जिवाणूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्या मुलाला गंभीर विषबाधा होऊ शकते, हे सासूबाईंना मी सांगून पाहिले. पण शेवटी त्यांना डॉक्टरांकडे सोबत नेले तेव्हाच ते पटले. आता अंगठी नुसती कपाळाला लावायची आणि मधाची वाटी देवापुढे ठेवायची, असा तोडगा त्यांनीच काढला. पहिले पिवळसर दूध तासाभरात पाजायचे, सहा महिने वरचे पाणीसुद्धा द्यायचे नाही आणि शेगडीचा धूर बंद खोलीत करायचा नाही, हेही ठरले. अळीव आणि डिंकाच्या लाडवांबद्दल मात्र आमचे पहिल्यापासून एकमत आहे.

एक गोष्ट विशेष काळजीने लिहिते. दिवस भरत आले की जागा कमी पडून बाळाची हालचाल कमी होते, असे तुला पुष्कळ जणी सांगतील. ते खरे नाही. मागच्या मंगळवारी मला हालचाल मंद वाटली. डाव्या कुशीवर शांत पडून मोजत राहिले. दोन तासांत दहा भरेनात, तशी रात्रीच रुग्णालयात गेलो. पोटाला पट्टा बांधून ठोके पाहिले, सगळे ठीक होते. उगीच धावपळ केली असे कोणी म्हणाले नाही, आणि म्हटले असते तरी मी पुन्हा जाईन. तसे काही वाटले, किंवा रक्त दिसले, पाणी गेले, डोके असह्य दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, तर सकाळची वाट पाहू नकोस.

माझी तारीख अनंत चतुर्दशीच्या आसपास आहे, आणि रुग्णालय नदीपलीकडे. लक्ष्मी रस्ता, केळकर रस्ता मिरवणुकीने भरलेले, अलका चौक ओलांडणे अशक्य, आणि खडकवासल्यातून पाणी सोडले तर भिडे पूलही पाण्याखाली. दुसऱ्या खेपेला कळा बहुधा लवकर पुढे सरकतात, म्हणून मी थोरलीला घेऊन दोन दिवस आधीच कोथरूडला नणंदेकडे राहायला जाणार आहे. थोरली गेले चार शनिवार रात्री आत्याकडे झोपते आहे, त्यामुळे मी नसले तरी ते घर तिला परके वाटणार नाही.

रजेचेही विचारले होतेस. कायद्याने पहिल्या दोन मुलांसाठी 26 आठवडे मिळतात आणि त्यांतले जास्तीत जास्त 8 प्रसूतीपूर्वी घेता येतात. मी आधी चारच घेतले, कारण नंतरचा प्रत्येक आठवडा मला हवा आहे.

आज संध्याकाळी सासूबाईंनी पिठोरीची पूजा केली. यंदा खीरपुरीचे वाण डोक्यावर धरून मी “अतीत कोण?”, म्हणजे अतिथी कोण, असे विचारले. मागून थोरलीने स्वतःचे नाव सांगितले, थोडी थांबली, आणि बाळाचा वाटाही आत्ता आपणच घ्यायचा का, असे विचारले. सासूबाईंनी तिच्या हातावर दुसरी पुरी ठेवली. तीही तिनेच खाल्ली.

डोहाळजेवणाला मला येता येणार नाही, याचे वाईट वाटते. थोरलीने निवडलेल्या दोऱ्यातला उरलेला गुंडा तुझ्यासाठी पाठवते आहे. तुझ्या सासूबाईंना माझा नमस्कार सांग, लेकाला गोड पापा.

तुझीच,
पेठेतली मैत्रीण