ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टरना

सिस्टर, सप्रेम नमस्कार.

गेल्या नवरात्रात टाचेत काच घेऊन आलेल्या शिवाजी पेठेतल्या काकू म्हटलं, तर आठवेल तुम्हाला. ललिता पंचमीला अनवाणी टेंबलाईला गेले होते म्हटल्यावर तुम्ही रागावला नाहीत. एवढंच विचारलंत, "काकू, काच घुसताना कळलं नाही?" नव्हतं कळलं. संध्याकाळी नातीला फरशीवर रक्ताचे ठसे दिसले, तेव्हा कळलं.

चौदा वर्षं साखर आहे मला. दर तीन महिन्यांनी रिपोर्ट घेऊन एका दवाखान्यात जायची, गोळ्या लिहून मिळायच्या. चप्पल काढा, पाय दाखवा, असं तिथं कुणी कधी म्हटलं नाही. पाय दुखत नाहीत म्हणजे ठणठणीत आहेत, असं मी धरून चालले होते. साखरेनं नसा बधिर झाल्या की जखमसुद्धा दुखत नाही, हे तुमच्याकडून समजलं.

तिसऱ्या ड्रेसिंगला तुम्ही आमच्या ह्यांना आत बोलावलंत आणि माझ्या पायाच्या बोटांना हात लावायला सांगितलंत. मी पाय ओढूनच घेतले. नवऱ्यानं बायकोच्या पायाला हात लावायचा? तुम्ही म्हणालात, "काकू, ही तपासणी आहे. घरी हेच करणार आहेत."

मला डोळे मिटायला लावलेत. तर्जनीच्या टोकानं दोन्ही पायांचे अंगठे, करंगळ्या आणि मधली बोटं, एकेकाला सेकंद-दोन सेकंद स्पर्श. कळला की मी डावा का उजवा ते सांगायचं. दाबायचं नाही, टोचायचं नाही, हुकलं तर परत लावून बघायचं नाही. ह्यांचं आयुष्य शिरोलीच्या फौंड्रीत गेलं, बोटं राकट. तुम्ही आधी स्वतःच्या तळहातावर त्यांचं बोट टेकवून घेतलंत, "अजून हलकं, अजून हलकं" म्हणत. बाहेर रांग होती, तरी. ते मी विसरणार नाही.

सहापैकी तीन स्पर्श मला कळलेच नाहीत. दोन हुकले तरी डॉक्टरांना दाखवायचं, म्हणालात. डॉक्टरांनी मग नायलॉनच्या तंतूनं आणि कंप पावणाऱ्या चिमट्यासारख्या काट्यानं (ट्यूनिंग फोर्कनं) तपासून तेच सांगितलं. ही बोटांची तपासणी इंग्लंडमधल्या इप्सविचची, असं नंतर मुलानं शोधून सांगितलं. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून तपासून घेतेच, घरच्या तपासणीवर ते भागत नाही. गेलेली जाणीव परत येईल अशी आशा धरून बसले नाही. रोज रात्री आरशात तळवे बघते, चप्पल झटकून घालते, गरम पाण्यात पाय सोडून बसणं बंद केलं. अनवाणी चालण्याचा नवस अंबाबाईला सांगून सोडवून घेतला.

आता खरं सांगायचं ते. आमच्या भजनी मंडळात साखरेच्या बायका बऱ्याच. मी एकेकीला बसवून डोळे मिटायला लावते. एकीला चार स्पर्श कळले नाहीत. तिला लगेच दवाखान्यात पाठवलं, तर तळव्यावरच्या कुरुपाखाली जखम निघाली. वेळेत निघाली, पाय वाचला.

ती विचारत होती, कुणी शिकवलं तुम्हाला हे? मला तुमचं नाव सांगता आलं नाही. तीन आठवडे तुम्ही माझा पाय मांडीवर घेत होता आणि मी नाव विचारलंच नव्हतं. म्हणून हे पत्र.

तुमची,
टाचेत काचवाली काकू