स्लायडिंगची खिडकी अर्धीच उघडते

मा. संपादक,
महोदय,

जुळे सोलापूर, विजापूर रोड, होटगी रोड या भागांतल्या नव्या घरांना आता सरसकट ॲल्युमिनियमच्या स्लायडिंग खिडक्या बसतात. ठेकेदाराला त्या सोप्या पडतात, ग्रीलला अडत नाहीत, दिसतातही सुटसुटीत. पण सोलापूरचा उन्हाळा दिवसा खिडकी घट्ट मिटायला आणि रात्री सताड उघडायला लावतो. पहाटेपर्यंत भिंती थंडावल्या नाहीत, तर दुसऱ्या दिवशी पंखा गरम हवाच फिरवतो. सताड उघडणे हेच नेमके स्लायडिंगला जमत नाही.

दहा बाय बाराची खोली घ्या. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण-कोरड्या हवामानात दारे सोडून, चौकटीसह खिडक्यांचे क्षेत्र जमिनीच्या किमान एक दशांश हवे, म्हणजे १२ चौरस फूट. चार बाय चारची खिडकी १६ चौरस फुटांची, म्हणून कागदावर पास. प्रत्यक्षात स्लायडिंगची एक काच दुसरीच्या मागे जाते आणि वाऱ्याला जेमतेम ७-८ चौरस फूट उरतात. ‘थ्री ट्रॅक’, म्हणजे तीन पल्ल्यांच्या खाचांची चौकट, घेतली तरी तिसरा पल्ला जाळीचा असतो. उघडणारी जागा तेवढीच. त्याच मापाची झडपांची, म्हणजे बिजागऱ्यांवर दारासारखी उघडणारी, खिडकी जवळजवळ पूर्ण उघडते. जुन्या घरांत चार झडपांच्या खिडक्या असत. खालच्या दोन मिटून आडोसा ठेवायचा, वरच्या दोन उघडून वारा घ्यायचा. ही सोय आपण फुकट घालवली.

झडपांची अडचण ग्रीलशी असते, हे खरे. पल्ला बाहेर उघडतो, मध्ये गज, आत जाळी. मग मिटायला हात घालायचा कुठून? त्यासाठी ग्रीलमध्ये कडीसमोर सहा इंचांची चौकोनी जागा सोडून तिला छोटे झाकण करून घ्यावे आणि जाळीचा पल्ला आत उघडणारा ठेवावा. पल्ला दोन फुटांपेक्षा रुंद नको. रुंद पल्ल्याचे वजन बिजागऱ्यांवर येते, तो खाली बसतो आणि चौकटीला घासू लागतो. वळवाच्या वाऱ्यात आपटू नये म्हणून प्रत्येक पल्ल्याला अडकवायचा आकडा (हूक) हवाच. घरातल्या एका तरी खिडकीचे ग्रील आतून उघडणारे ठेवा. आग लागली तर तीच वाट.

आता दिशा. मेमध्ये दुपारी साडेचारला सूर्य क्षितिजापासून तीसेक अंशांवर असतो. पश्चिमेच्या खिडकीवर दोन फुटी छज्जा असला तरी सावली वरच्या सव्वा फुटापुरतीच पडते. चार फूट उंच खिडकीतले खालचे पावणेतीन फूट थेट उन्हात! काळी काच लावून हे सुटत नाही. ती ऊन शोषून तापते आणि उष्णता आत सोडत बसते. आतला पडदाही उशिराच अडवतो, कारण ऊन काचेतून आत आलेले असते. अडवायचे ते बाहेर: बांबूची चिक, उभ्या पट्ट्या, किंवा कडुलिंब. शक्यतो पश्चिमेला खिडकी लहान आणि उंचावर ठेवावी. दक्षिणेची खिडकी मात्र विनाकारण बदनाम आहे. मेच्या मध्यापासून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत माध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेकडेच असतो आणि मार्च-एप्रिलचे दुपारचे ऊन दीड फुटी छज्जाही अडवतो.

तरीही स्लायडिंगच घ्यायची असेल, तर खालच्या ट्रॅकच्या बाहेरच्या कडेला पाणी निघायची भोके पाडली आहेत का ते वाकून पाहा. कधी ती पाडलेलीच नसतात, कधी प्लास्टर किंवा सिलिकॉनने बुजतात. उन्हाळाभर ट्रॅकमध्ये धूळ साचते, पहिल्या पावसात तिचा चिखल होतो आणि पाणी भिंतीवर उतरते. दोष खिडकीवर येतो, चूक त्या बुजलेल्या भोकांची असते. यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, खिडकी घेताना कापलेल्या तुकड्याचे तोंड बघायला मागा. आत गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी नसेल, तर मोठा पल्ला उन्हात वाकतो. रंग पांढराच बरा.

माप घेताना भिंतीतल्या मोकळ्या जागेची रुंदी आणि उंची तीन-तीन ठिकाणी मोजावी, सर्वांत लहान माप धरावे आणि चारी बाजूंनी पाच-सहा मिलिमीटर फट सोडावी. ती सिलिकॉनने भरायची, सिमेंटने नव्हे. खालच्या फरशीला बाहेर उतार हवा, छज्जाच्या खालच्या अंगाला कडेलगत पाणी तोडणारी खाच हवी, म्हणजे थेंब भिंतीकडे न वळता तिथेच गळतात.

ठेकेदाराला शेवटचा हप्ता देण्याआधी खिडकी मिटून बाहेरून पाणी मारून बघा. नळाला पाणी रोज येत नसले, तरी यासाठी दोन बादल्या पुरतात.

आपला,
एक बांधकाम पर्यवेक्षक, सोलापूर