राडारोड्यातही वर-खाल ओळखणाऱ्या गवंडीकाकांना

गवंडीकाका,
सा. न. वि. वि.

जुन्या कौलांच्या तुकड्यांची चौकट भिंतीवर चढली, तुम्ही ओळंबा लावून पाहिलात, हात झटकलेत आणि निघालात. आभार मानायचे राहूनच गेले. ते चारचौघांत मानायचे आहेत, म्हणून हे उघड पत्र.

आमचं जुनं घर उतरवायचं ठरलं, तेव्हा त्याच्या विटा, कौलं आणि लाकूड यांतून भिंतीवर लावायची एक कलाकृती करावी, एवढीच माझी इच्छा होती. पाडकाम करणाऱ्यांनी ऐकूनही घेतलं नाही. "हा राडारोडा आहे बाई, भरावात जाणार," म्हणाले. पुढे सजावटीचं काम करणारे एक गृहस्थ भेटले. त्यांनी जुन्या विटांचे काप सिमेंटमध्ये बसवले आणि तुळईच्या तुकड्यांवर यंत्र फिरवून त्यांचं सारं वय घालवलं. काप सरळ करायला गेले, तर विटेचा दर्शनी पापुद्रा सिमेंटला चिकटून निघाला. विचारलं, तर "जुना माल असाच असतो." पैसे मात्र पूर्ण घेतले. तो राग अजून गेलेला नाही.

त्यानंतर तुम्ही आलात. उरलेल्या ढिगाजवळ उकिडवे बसलात आणि एकेक कौल उचलून बोटाच्या पेराने वाजवू लागलात. खणखणीत वाजलं ते उजवीकडे, बद्द वाजलं ते डावीकडे. तडा गेलेलंही तुम्ही फेकलं नाहीत, "बारीक तुकड्यांना येईल कामी," म्हणालात. विटांवरचा चुना करणीच्या कडेने अलगद सुटत होता. चुना विटेपेक्षा मऊ, म्हणून तो विटेला न दुखावता निघतो, हे तुम्ही काम करता करता सांगितलंत. लोणा, म्हणजे क्षारांची पांढरी बुरशीसारखी पूड, लागलेल्या विटा मी धुवायला निघाले, तर थांबवलंत. पाण्यात क्षार विरघळून पुन्हा आत जातात, कोरड्या ब्रशनेच झाडायच्या. लाकडावरच्या जुन्या रंगाला कोरडा पॉलिशपेपर लावू दिला नाहीत, कारण तसल्या रंगात शिसं असू शकतं आणि त्याची धूळ वाईट. इतक्या मायेने मला आधी कुणीच काही समजावलं नव्हतं.

पण काका, माझ्या मनात घर करून राहिलाय तो तुमचा खडू.

छपरावरची शेवटची कौलं तुम्ही स्वतः उतरवलीत. प्रत्येक कौल खाली देण्याआधी पाठीवर खडूने एक बाण काढलात. कशाला, म्हणून विचारलं, तर म्हणालात, "पाणी इकडून तिकडे जायचं." बस्स, एवढंच. कौलाचा जो भाग वरच्या कौलाखाली दबलेला, तो अजून भट्टीतून आल्यासारखा लाल. जो उघडा, तो पावसाने काळवंडलेला, शेवाळाचे डाग पडलेला. हे तुमच्या डोळ्यांनी टिपलं होतं. कुणी सांगितलं नव्हतं, त्याचे पैसे मिळणार नव्हते, आणि छपरावर उन्हात वाकून प्रत्येक कौलामागे तेवढा वेळ जास्त जात होता.

आज त्या चौकटीत तुकडे तुमच्या बाणांप्रमाणेच बसले आहेत. प्रत्येक ओळ लालपासून सुरू होते आणि खाली काळी होत जाते, ओळीमागून ओळ. बघणारे मला विचारतात, ही रंगसंगती कशी सुचली. मी सांगते, ती पावसाची आहे आणि जपली आमच्या गवंडीकाकांनी.

टांगण्याबद्दल फार लिहीत नाही. चौकट जड, खिळ्यावर भरवसा नको, म्हणून तुम्ही तिरक्या कापाच्या दोन पट्ट्या एकमेकींत अडकवून दिल्यात. त्या रात्रीपासून खाली निर्धास्त बसतो आम्ही.

दुसऱ्याच्या मोडक्या वस्तूलाही जपून हात लावणारी माणसं आहेत, म्हणून कितीतरी घरांचं काहीतरी मागे उरतं. अशा माणसांचं नाव कुठल्या पाटीवर येत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं. चौकटीच्या मागच्या फळीवर मी तुमचं नाव लिहिलं आहे, माझ्या नावाच्या आधी.

आता दाराची जुनी चौकट आणि उंबऱ्याचा दगड राहिलाय. त्याला अजून कुणालाही हात लावू दिलेला नाही. तुम्हाला सवड होईल तेव्हा या, आणि येताना खडू आणा.

तुमची,
कौलांच्या घरातली लेक