शनिवारची सहल : डेल्फ्ट आणि किंडरडाइक

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या शनिवारी सकाळी ९ वाजता डेल्फ्ट स्टेशनबाहेर जमायचे आहे. ट्रेनला चढताना आणि उतरताना तेच बँक कार्ड यंत्राला लावा. एका कार्डावर दोघांना जाता येत नाही, म्हणून प्रत्येकाने आपापले कार्ड आणावे.

डेल्फ्टमध्ये आधी औदे कर्क, म्हणजे जुने चर्च. कालव्याच्या कडेला उभे राहून वर बघा, विटांचा मनोरा उघड्या डोळ्यांनी कललेला दिसतो. चित्रकार व्हर्मेर १६७५ साली याच चर्चमध्ये पुरला गेला. फरशीवर त्याच्या नावाची शिळा आहे. गावाचा थोर माणूस, आणि दगड इतका साधा! घाई करू नका, तिथे थोडे थांबाच. मग बाजारचौकातले न्यूवे कर्क, म्हणजे नवे चर्च, जिथे डच स्वातंत्र्यलढ्याचा नेता विल्यम ऑफ ऑरेंज याची संगमरवरी समाधी आहे. निळ्या नक्षीची भांडी चौकातच मिळतील. हाताने रंगवलेली महाग असतात, छापील स्वस्त. विचारून घ्या.

दुपारी रॉटरडॅममार्गे किंडरडाइक. तिथल्या १९ पवनचक्क्यांपैकी बहुतेक १७४० च्या सुमारास बांधल्या. समुद्रसपाटीखालच्या जमिनीतले पाणी उपसून नदीत सोडणे हे त्यांचे काम होते. एखादी चक्की आतून जरूर पाहा : अरुंद जिना, भिंतीतच बसवलेले पलंग, अख्खे कुटुंब त्यात राहायचे.

तिथे वारा फार असतो, छत्री टिकत नाही, रेनकोट आणा. लहान मुलांना सायकलच्या लाल रस्त्यावर सोडू नका. डबा घरचाच आणा.

येणाऱ्यांनी बुधवार रात्रीपर्यंत नावे कळवावीत.