काढा घ्या, पण गोळ्या सोडू नका

ती. बाबा आणि सौ. आई,
साष्टांग नमस्कार.

बाबा, ‘काढा घ्या, इंग्रजी गोळ्या सोडा, साखर मुळापासून जाईल’ असं कुणी आयुर्वेदाच्या नावाने सांगत असेल तर ते चरकाला धरून नाही. चरकाने प्रमेहाचे, म्हणजे मधुमेह ज्यांत मोडतो त्या लघवीच्या विकारांचे, 20 प्रकार सांगितले. कफाचे 10 साध्य, पित्ताचे 6 याप्य, वाताचे 4 असाध्य. मधुमेह या शेवटच्या चारांतला, म्हणजे मुळापासून न जाणारा. याप्य म्हणजे उपचार चालू आहेत तोवर आटोक्यात राहणारा आजार. सुश्रुताने त्या उपचाराला पडत्या घराला दिलेल्या टेकूची उपमा दिली आहे. आजच्या औषधांनी तुमचा मधुमेह याप्य आजारासारखा धरून ठेवलाय. तो टेकू काढू नका, एवढंच माझं मागणं आहे.

सात दिवसांच्या पंचकर्माचंही तेच. स्थूल, बलवान प्रमेहीचं शोधन, म्हणजे उलटी-जुलाबांनी शरीर साफ करणं, करावं आणि कृश, दुर्बलाचं बृंहण, म्हणजे पोषण, असं चरकाचा ग्रंथच सांगतो. तुमची अंगकाठी बघा. विरेचनाच्या जुलाबांत पाणी आणि क्षार जातात, रक्तदाब उतरतो, आणि तुमचं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडं मंदावल्याची रक्तातली खूण, आधीच वाढलंय, त्या मूत्रपिंडांना रक्त आणखी कमी पडतं.

कारल्याची भाजी खुशाल खा, पण वाटीभर रस रोज नको. मूत्रपिंडं मंदावली की इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांचा असर शरीरात जास्त वेळ टिकतो. त्यावर रसाचा जोर पडला तर साखर एकदम घसरू शकते. आई, बाबांना दरदरून घाम आला, हात थरथरले, बोलण्यात गोंधळ वाटला तर लगेच साखर मोज. 70 च्या खाली असेल तर चहाचे 3 चमचे साखर पाण्यात विरघळवून दे, 15 मिनिटांनी पुन्हा मोज. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नकोस, 108 ला फोन कर.

भस्मांची मला सगळ्यात जास्त काळजी वाटते. नागभस्म म्हणजे शिशाचं, आणि ते प्रमेहावरच देतात. कज्जलीत, म्हणजे पारा आणि गंधक खलून केलेल्या काळ्या पुडीत, पारा असतो. शिसं आणि पारा दोन्ही मूत्रपिंडांना घातक. पुडीवर घटक आणि परवाना क्रमांक छापलेला नसेल तर ती घरात ठेवूच नका. ज्येष्ठमधही रोज नको. त्याने रक्तदाब चढतो, पोटॅशियम उतरतं.

आयुर्वेदातलं घेण्यासारखं मात्र पुष्कळ आहे. प्रमेहीच्या जेवणात जव मुख्य असावेत, असं चरक म्हणतो. आई, दोन भाग जवाचं पीठ, एक भाग ज्वारीचं, कडकडीत पाण्यात मळ. भाकरी थापताना तुटली तर लाट. ती पोळीच्या जागी, पोळीवर जादा नव्हे. मूत्रपिंडांच्या पथ्यात किती चालेल ते आहारतज्ज्ञांना आधी विचार. जेवणानंतर 15 मिनिटं शतपावली.

चांगल्या रोग्याचे चार गुण सांगितलेत, त्यांतला एक ज्ञापकत्व, आपल्याला काय होतंय ते वैद्याला नीट सांगणं. त्यात आपण काय काय घेतो तेही आलं. पुढच्या तपासणीला घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, आसवांच्या बाटल्या एका पिशवीत भरून न्या आणि डॉक्टर व वैद्य दोघांनाही दाखवा. वैद्यांनी नवं औषध दिलंच, तर एका वेळी एकच. सुरू करण्याआधी आणि दोन आठवड्यांनी क्रिएटिनिन, पोटॅशियम आणि यकृतासाठी एसजीपीटी तपासा, म्हणजे बिघडलं तर कशाने ते कळेल. आई, वहीत तारीख, साखर, वजन आणि पायांवरची सूज लिहीत जा.

तुमची,
लेक