हार्डवेअरवाल्या काकांचे जाहीर आभार

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

तुमचं दुकान साताऱ्यात पोवई नाक्यापासून फार लांब नाही, एवढंच इथे सांगते. नाव छापलेलं तुम्हाला आवडायचं नाही. पण आभार चारचौघांत मानायचे आहेत, कारण ड्रिल मशीन घ्यायला निघालेल्या आणखी कुणाला तरी त्याचा उपयोग होईल.

मशीन मागितलं की दुकानदार आधी वॅट सांगतो, मग किंमत. तुम्ही एकही खोका न काढता विचारलंत, "भिंत कशाची आहे?" आणि लगेच, "खिळा ठोकला की भुकटी कसल्या रंगाची पडते?" वरून प्लास्टर सगळीकडे सारखंच दिसतं, खरी भिंत भुकटी सांगते. लाल आली तर वीट. राखाडी येऊन बिट, म्हणजे भोक पाडणारी सळई, पुढे सरकेनासं झालं तर काँक्रीट. आमच्या मंगळवार पेठेतल्या घराला तळमजल्यावर काळा दगड आहे आणि माडीवर विटा, हे ऐकून तुम्ही हसलात. "म्हणजे दोन घरं एकावर एक," म्हणालात.

मग काउंटरवरच शिकवणी झाली. साध्या हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकींवर घासतात, त्यातून मिनिटाला हजारोंनी बारीक ठोके बसतात. विटेला तेवढे पुरतात. काळ्या दगडाला आणि काँक्रीटला मात्र रोटरी हॅमर लागतो. त्यात हवेच्या दाबाने दट्ट्या हलतो. ठोके कमी, पण प्रत्येक ठोका जोरकस. त्याचं एसडीएस बिटही वेगळं, खाचा असलेल्या दांड्याचं. साध्या चकमध्ये, म्हणजे बिट पकडणाऱ्या जबड्यात, ते बसत नाही. मला वाटलं, आता महागडं मशीन गळ्यात पडणार. तर तुम्ही म्हणालात, "दगडात दोन भोकं पाडायची असतील तर ते भाड्याने आणा. विटेसाठी हे न्या." सहाशे वॅटचं, तेरा मिलिमीटर चकचं, वेग कमी-जास्त होणारं, उलटं फिरणारं मशीन. हातातला मोठा धंदा सोडून गिऱ्हाइकाला बरोबर वस्तू देणारा दुकानदार मी तरी फार पाहिलेला नाही.

"घरात कुणी पुरुष माणूस नाही का?" हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, त्याचेही वेगळे आभार. ओढणी बांधून घ्या आणि चष्मा लावा, एवढंच बजावलंत.

पुस्तकांच्या फळीसाठी माडीवर भोकं पाडली. पेन्सिलीने फुली मारली, खाली कागदाचा खिसा करून चिकटवला आणि खोलीची खूण म्हणून बिटावर प्लगच्या, म्हणजे स्क्रू धरणाऱ्या प्लास्टिकच्या नळीच्या, लांबीपेक्षा थोडी पुढे चिकटपट्टी गुंडाळली. मशीनचा हॅमर, म्हणजे ठोके, बंद ठेवून हळू सुरुवात केली. आधी राखाडी भुकटी पडली आणि एकदम लाल झाली, तेव्हा कळलं की प्लास्टर संपलं. तुम्ही म्हणाला होतात तशा विटा जुन्या आणि मऊ निघाल्या, म्हणून हॅमर लावलाच नाही. ठोके दिले असते तर भोक सैल होऊन प्लग आत फिरत बसला असता. मधूनमधून बिट बाहेर काढून भुकटी झाडली आणि शेवटी सायकलच्या पंपाने भोक साफ केलं. आठ मिलिमीटरचं बिट, आठचाच प्लग, हलक्या हातोडीने आत. तो प्लास्टरमध्ये न अडकता विटेत बसला पाहिजे आणि सांध्यात तर नकोच, हे तुमचं वाक्य मी आता शेजारणीला माझं म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट कुणी सांगत नाही. स्विचबोर्डच्या सरळ वर, खाली किंवा बाजूला भोक पाडू नका, आतून वायरची नळी गेलेली असते. फळीची जागा मी त्यासाठीच हातभर सरकवली. ती आता खिडकीला किंचित आडवी येते. आईला पटलेलं नाही, पण विजेपुढे आईचं काही चालत नाही.

आता ओट्यामागच्या टाइलला मसाल्याचा रॅक लावायचा आहे. टाइलला हॅमर चालत नाही आणि भाल्याच्या टोकाचं बिट लागतं, असं तुम्हीच म्हणाला होतात. सहाचं एक बाजूला काढून ठेवा. पुढच्या आठवड्यात येते.

तुमची,
मंगळवार पेठेतली गिऱ्हाईक