सूचना : २० मार्चला एमसी तोडफोडची आठवण

मंडळी, २० मार्चला संध्याकाळी ७ वाजता आपल्या नेहमीच्या गच्चीवर जमायचं आहे. रॅपर धर्मेश परमार, म्हणजे आपला एमसी तोडफोड, २०२२ मध्ये याच तारखेला गेला. वय फक्त २४. मुंबईत राहून तो गुजरातीत रॅप करायचा. ‘गली बॉय’ सिनेमातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात त्याचा आवाज आहे, आणि त्याच्या ‘स्वदेशी’ या रॅप गटाने मुंबईतल्या आरे जंगलातल्या आदिवासींची बाजू गाण्यातून मांडली. ते आजही अंगावर येतं.

– येताना त्याची एक आवडती ओळ पाठ करून या.
– स्पीकर रात्री १० वाजता बंद.
– ग्रुपवर सध्या निवडणूक आणि नव्या अल्बमांवरून भांडणं चालू आहेत. त्या दिवशी ती नकोत. त्याच्या गाण्यांतल्या राजकारणावर मात्र मनापासून बोला.

येणाऱ्यांनी १८ तारखेपर्यंत नाव कळवा.